चेष्टेचे दहा गुण

रत्नाकरला गप्प बस म्हणणं म्हणजे गंगेला उलटी वाहा म्हणण्यासारखं. आणि आमच्या काशीत ती आधीच उलटी वाहते, म्हणजे तीही सोय नाही.

मंगला गौरीच्या गल्लीत, पंचगंगा घाटाच्या पायऱ्या धापा टाकत चढून आलात, की डाव्या हाताला महाराष्ट्रातल्या यात्रेकरूंसाठी एका ट्रस्टचा यात्रीनिवास लागतो. बत्तीस खोल्या, एक जेवणघर, आणि दारातच रत्नाकरचा काउंटर. बावीस वर्षं तो तिथं बसलाय. जन्म बनारसचा, त्याच्या बापाचा बनारसचा, आजोबाचाही. कोल्हापूरहून दोन माणसं आली, तर खोलीची किल्ली हातात पडायला पाऊण तास. का? तर आधी रत्नाकरला कळायला पाहिजे, की गाडी कुठं रखडली, डब्यात शेजारी कोण होतं, आजी जेवल्या का, नातीचं लग्न जमलं का, आणि नसेल जमलं तर अडलंय कुठं. पण गंमत अशी, की दमून आलेली माणसं त्या पाऊण तासानंतर हसत वर जायची.

काउंटरच्या मागं एक लाकडी पडदी. पडदीच्या मागं सुमंत. हा वाईचा. सहा वर्षांपूर्वी ट्रस्टनं आणला. कुणाला कुठली खोली द्यायची त्याचा तक्ता, शिधा, पाण्याची मोटर, नाववाले, सगळं त्याच्याकडं. कामाला वाघ, पण तोंड म्हणजे कुलूप. सकाळी आला की मान हलवणार, संध्याकाळी जाताना मान हलवणार. मधे काही पाहिजे असलं तर चिठ्ठी सरकवणार. रत्नाकर घरी बायकोला, गीताला, म्हणायचा, "सहा बरस झाले गं, अजून याचा आवाज जाडा की बारीक ते पत्ता नाही."

एवढं असून दोघांचं कधी वाजलं नाही. वाजायला दोन भांडी लागतात. इथं एक भांडं आणि एक उशी.

तर सगळं सुरळीत चाललं होतं, आणि सुरळीत चाललेलं ट्रस्टला बघवत नाही. यंदा नव्या विश्वस्त आल्या, मालविकाताई, पुण्याच्या. बाई चांगल्या, पण कंपनीत मोठ्या हुद्द्यावर राहिलेल्या. त्यांनी लखनौहून एक प्रशिक्षक आणले, सुशांत सर. कोट, गळ्यात टायचा पट्टा, आणि हातात वीस प्रश्नांचा फॉर्म. माणसाचा स्वभाव ओळखायचा आणि त्याप्रमाणे काम द्यायचं, अशी विद्या. फॉर्म होता हिंदीत. हिंदी तरी कसली! गल्लीत बोलतात ती नव्हे. कडक इस्त्रीची, सरकारी.

पहिलाच प्रश्न, आप अंतर्मुखी हैं या बहिर्मुखी?

रत्नाकरनं शर्टाची गुंडी काढली आणि गळ्यातला रुद्राक्ष बाहेर काढून दाखवला. "सर, हा पंचमुखी आहे. अंतर्मुखी आमच्या दुकानदाराकडं मिळत नाही. नेपाळहून मागवावा लागेल."

सर हसले नाहीत. त्यांनी समजावलं, की अंतर्मुखी म्हणजे आतल्या आत राहणारा आणि बहिर्मुखी म्हणजे चार माणसांत खुलणारा. रत्नाकर म्हणाला, "मग असं बोला ना. मी बाहेरचा, तो आतला. मधे पडदी आहेच."

पुढच्या आठवड्यात निकाल. रत्नाकर, अति बहिर्मुखी, परिश्रमी, नेतृत्वाचे गुण. त्याला व्यवस्थापक करा आणि आतल्या खोलीत बसवा. सुमंत, अति अंतर्मुखी, शिवाय कामचुकार. त्याला महिनाभर काउंटरवर बसवा. मोकळा झाला तर ठीक, नाहीतर दुसरा माणूस बघा.

कामचुकार! सुमंतला! गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा हे पटलं नसतं. रत्नाकर सरांना म्हणाला, "काही गडबड झाली असेल." सर म्हणाले, "फॉर्म झूठ नहीं बोलता." सुमंतनं निकालाचा कागद वाचला, नीट चार घड्या घातल्या, खिशात ठेवला आणि काउंटरवर जाऊन बसला. एक अक्षर नाही.

बोलली ती त्याची बायको, संपदा. संध्याकाळी गीताकडं आली आणि पदर डोळ्याला लावून म्हणाली, "वहिनी, देवश्रीची दहावी आहे हो यंदा. आता वर्षाच्या मधेच वाईला परत जायचं, तर पोरीचं काय? आणि हे तर घरीसुद्धा बोलत नाहीत. तिथं काउंटरवर काय बोलणार?"

गीतानं रत्नाकरकडं पाहिलं. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली की बायको नुसती पाहते, आणि त्यात सगळं येतं. रत्नाकर छातीवर हात ठेवून म्हणाला, "चिंता नको, वहिनी. बोलायला शिकवणं म्हणजे काय? आपल्या हातचा मळ. महिन्यात तुमचा नवरा पोपट करून देतो."

खरं सांगू? यात निम्मी माया होती आणि निम्मा स्वार्थ. व्यवस्थापक होऊन आत बसल्यापासून रत्नाकरचा जीव गुदमरत होता. सुमंत मोकळा झाला असता, तर काहीतरी खटपट करून आपला काउंटर परत मिळवता आला असता.

ही बातमी गल्लीत गेली. गल्लीत बातमी गेली की ती एकटी परत येत नाही, सल्ले घेऊन येते.

पहिला सल्ला पानवाल्याचा. "गुरू, पान खिलाओ. मुँह लाल होई, तब न जबान खुली!" रत्नाकरला पटलं. आता तोंडात पान असताना बोलायची आमच्याकडं एक कला आहे. हनुवटी वर करायची, डोळे आभाळाकडं, आणि शब्द घशातून वरच्या वर सोडायचे. यात पिढ्या जातात. सुमंतनं सरळ समोर बघून "नमस्कार" म्हटलं. समोर लातूरच्या ग्रुपचे पुढारी, पांढराशुभ्र शर्ट. त्या 'न'मध्ये काही नव्हतं. पण 'स्का'मध्ये सगळं पान गेलं.

दुसरा सल्ला गीताचा. लहान पोरं बोलेनात की वेखंड उगाळून चाटवतात, तेच करा. सुमंत बिचारा कुणाला नाही म्हणायचा नाही, कारण नाही म्हणायलाही बोलावं लागतं. पोराला चाटवायचं ते बोटावर. गीतानं माणसाच्या वजनाप्रमाणं चमचाभर दिलं. जीभ अशी आखडली, की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मान हलवायचीही चोरी.

मग रत्नाकर म्हणाला, औषधपाणी पुरे, आता रीतसर शिक्षण. त्यानं एका कागदावर प्रश्न लिहून दिले. "यात्रेकरू आला की हे विचारायचं. बाकी आपोआप होतं." सुमंतनं कागद समोर धरला आणि बार्शीच्या एका बाईला एका सुरात विचारलं, "गाव? आडनाव? बरोबर कोण? नातं काय? मुलीचं लग्न का जमलं नाही?"

बाई रडायलाच लागली. नवरा म्हणाला, "साहेब, आम्ही काही केलं नाही. आधार कार्ड दाखवू का?"

इकडं आतमधे काय चाललं होतं? तिथं तर आनंदच. रत्नाकर तक्ता लिहायला बसायचा आणि फोन यायचा. शिधावाल्याशी चाळीस मिनिटं. नाववाल्याशी तास. मधल्या वेळात पेन जिथं पडेल ती खोली. त्यामुळं ज्या आजींना जिना चढवत नाही त्या तिसऱ्या मजल्यावर. घोरणारे काका कीर्तनकारबुवांच्या शेजारी. आणि सांगलीच्या एका सासू-सुनेला एकाच खोलीत दोन खाटा. पहाटे चारला त्या खोलीतून जो आवाज आला, त्यानं मंगला आरतीच्या आधीच गल्ली जागी झाली. रोज जिन्यात कुणीतरी त्याला गाठायचं. "तुमच्याबद्दल फार ऐकलं होतं हो. मागच्या साली आमची बहीण येऊन गेली, म्हणाली, न सांगता सगळं कळतं इथं. कसलं काय!"

हे त्याला लागलं. बावीस वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं. तो म्हणायचा, बाहेर काउंटरवर बसणाऱ्याला बोल लागत नाहीत, आत बसणाऱ्याला लागतात, हे काही बरोबर नाही.

एक दिवस रबर शोधायला त्यानं सुमंतचा खण उघडला. आत चिठ्ठ्यांचा गठ्ठा, तारखेप्रमाणं दोऱ्यानं बांधलेला. अक्षर मुंगीसारखं. त्यानं एक गठ्ठा सोडला. 'आजी, गुडघे. खालची खोली.' 'काका घोरतात, बायको थट्टा करते. कोपऱ्यातली खोली.' 'सासू-सून गाडीतच भांडल्या. दोन मजले वेगळे.' 'मुलगा गेल्याला वर्ष झालं. यांचा चहा वर पाठवा, पंगतीत बसवू नका.'

रत्नाकरला एकेक माणूस आठवायला लागला. हे सगळं त्यालाच सांगितलेलं! काउंटरवर, त्याच्या समोर उभं राहून. तो विचारायचा, माणूस सांगायचा, तो हळहळायचा किंवा हसायचा, आणि पुढच्या माणसाला हाक मारली की मागचं विसरून जायचा. पडदीच्या मागं दुसरा लिहून घेत होता. आणि रत्नाकर गल्लीभर सांगत फिरायचा, की निवासाची जागाच पुण्यवान, इथं मंगला गौरी देवी सगळं आपोआप जुळवते!

तो गठ्ठा तसाच धरून बसून राहिला. फोन वाजला. उचलला नाही. शिधावाल्याला वाटलं, गेला की काय.

आता तरी शहाण्यानं सुमंतला पोपट करायचा नाद सोडावा की नाही? पण तोवर तिसरा सल्ला निघून गेला होता. हा शिवरामशास्त्र्यांचा. शास्त्रीबुवा आयुष्यभर संस्कृत शिकवून आता ओट्यावर बसून सल्ले देतात. त्यांनी सुमंतला एकट्याला गाठून सांगितलं, "पहाटे छातीभर पाण्यात उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि मोठ्यानं म्हणायचं. काहीही म्हण. संकोच वाहून जातो."

महिना भरायला तीन दिवस उरले होते. सुमंत संकठा घाटावर गेला, कारण तिथं ओळखीचं कुणी नसतं. छातीभर पाण्यात उभा राहिला. डोळे मिटले. तोंड उघडलं. काय म्हणावं ते सुचेना. तसाच उभा, पंधरा मिनिटं, वीस मिनिटं, तोंड उघडं आणि डोळे मिटलेले.

काठावरच्या एका नाववाल्यानं हे पाहिलं आणि त्यानं जे समजायचं ते समजलं. मागून उडी मारली, सुमंतच्या मानेखाली हात घातला आणि ओढत पायऱ्यांवर आणून पालथा घातला. पाठीवर गुडघा दिला. सुमंत सांगू शकला असता की मी बुडत नव्हतो, पण सांगणार कधी? पालथा माणूस तसाही कमी बोलतो.

अर्ध्या तासात गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आलं, 'वाईवाल्या साहेबांनी नोकरीपायी गंगेत उडी घेतली.' संपदा ओलेत्या केसांनी धावत आली. देवश्री शाळेच्या गणवेशात. गीता, शास्त्रीबुवा, पानवाला, सगळी वरात पोलीस चौकीवर, कारण तोवर सुमंतला चौकीवर नेलं होतं.

दारोगा कागद घेऊन बसला होता. "पानी में क्यों गए थे?"

"स्नान," सुमंत म्हणाला.

"इतने से नहीं होगा. चार लाइन का बयान चाहिए."

सुमंतनं बराच विचार केला. "सुबह का स्नान."

तेवढ्यात रत्नाकर पोचला आणि म्हणाला, "साहब, इनका बयान मैं देता हूँ." ही चूक. त्यानं पानापासून सुरुवात केली. मग वेखंड. मग लखनौचे सर. मग अंतर्मुखी म्हणजे काय ते दारोग्याला समजावलं, आणि दारोग्याचा मेहुणाही तसाच निघाला, तर त्याच्यावर अर्धा तास गेला. कागद संपले, शिपाई नवे घेऊन आला. अकराव्या पानावर दारोगा कपाळाला हात लावून म्हणाला, "गुरू, पहले लगता था मामला नहाने का है. अब तो मुझे ही शक होने लगा." शेवटी त्यानं सुमंतच्या वरच्या साहेबांची सही मागितली. साहेब म्हणजे ट्रस्ट. फोन पुण्याला गेला.

दुसऱ्या दिवशी मालविकाताई विमानानं हजर. सुशांत सरही लखनौहून आले. जेवणघरात खुर्च्या मांडल्या. एका बाजूला ते दोघं, समोर सुमंत. दाराशी संपदा, आणि दाराबाहेर अर्धी गल्ली.

सरांनी फॉर्म काढला. "मॅडम, मैंने पहले ही कहा था. देखिए, प्रश्न नौ. 'कार्यालय में आप कितनी चेष्टा करते हैं?' इन्होंने अपने हाथ से लिखा है, 'बिलकुल नहीं. आज तक कभी नहीं की.' दस में शून्य."

रत्नाकर उठलाच. "बघू, बघू तो कागद." त्यानं तो वाचला, सुमंतकडं पाहिलं, आणि असा हसला की खांबाला धरावं लागलं. "अरे देवा! सुमंत, चेष्टा म्हणजे काय समजलास तू?"

सुमंतचे कान लाल झाले होते. "थट्टा," तो म्हणाला. "टिंगल. मी कुणाची करत नाही."

"सर, हमारी मराठी में चेष्टा माने मज़ाक उड़ाना! तुमच्या हिंदीत मेहनत, आमच्या मराठीत टवाळी. हा माणूस वाईचा. त्यानं खरं ते लिहिलं!"

सरांचा चेहरा उतरला. त्यांनी पट्टा सैल केला. मग मालविकाताईंनी दुसरा कागद हळूच उचलला.

"रत्नाकरजी," त्या म्हणाल्या, "हा तुमचा. यात तुम्ही लिहिलंय, 'दिनभर, मन लगाकर. घर जाकर भी.' आणि तुम्हाला दहापैकी दहा. मी पुण्याची. मी पण हे मराठीतच वाचलं होतं. मला वाटलं, हा माणूस दिवसभर लोकांची चेष्टा करतो, आणि सर त्याला दहा गुण देतायत. म्हटलं, आजकाल याला नेतृत्व म्हणत असतील."

दाराबाहेरची अर्धी गल्ली फुटली. पानवाला तर खाली बसला. रत्नाकरच्या जिवाला फार लागलं. बावीस वर्षांची नोकरी, आणि बाईंना वाटत होतं आपण टवाळ! पण तो त्यावर भांडला नाही. खिशातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला आणि टेबलावर ठेवला.

"ताई, हे वाचा. गेला महिनाभर तो आतमधे नव्हता. तिसऱ्या मजल्यावरची म्हातारी, सांगलीच्या बायका, सगळ्या तक्रारी माझ्या. मी लोकांना विचारतो खरा, पण कान नाहीत मला. लोक मला सांगतात आणि ऐकतो हा. हा गेला, तर माझं बोलणं म्हणजे नुसती वाफ. याला वाईला पाठवणार असाल तर मलाही काढा. मला आत बसवू नका, मी मरेन."

असं म्हणून तो खाली बसला. गीता म्हणते, त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण ते.

मालविकाताईंनी एक चिठ्ठी वाचली, दुसरी वाचली. चौथ्या चिठ्ठीला चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "सुमंतजी, व्यवस्थापक तुम्ही. आतच बसा. आणि बोलायची गरज नाही."

संपदानं दाराची चौकट घट्ट धरली. सुमंतनं मान हलवली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, रत्नाकरसमोर येऊन उभा राहिला. घसा खाकरला. सगळे थांबले.

"ऐकायला बरं वाटतं," तो म्हणाला. "तुमचं. म्हणून बसतो."

आणि पडदीच्या मागं निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रत्नाकर आपल्या काउंटरवर. नवं गंध, नवा शर्ट, राजासारखा. साडेआठला साताऱ्याचं एक कुटुंब पायऱ्या चढून आलं. म्हातारं जोडपं, मुलगा, सून, हातात पिशव्या. रत्नाकरनं पुढं झुकून तोंड उघडलं, आणि नेमकं त्याच वेळी मागं पडदीपलीकडं पेनचं टोपण निघाल्याचा बारीक आवाज आला.

बावीस वर्षांत त्याच्या बोलण्याकडं कुणी कान देतंय, हे त्याला ठाऊकच नव्हतं. म्हणून तर तो मोकळा बोलायचा. आता त्याला कसंसंच झालं. हात कुठं ठेवावे कळेना. काय विचारावं, कुठून सुरू करावं, काही म्हणता काही आठवेना. मान खाली घालून रजिस्टरच्या कडेवरून बोट फिरवत बसला, नव्या नवरीसारखा.

म्हातारीनं पिशवी खाली ठेवली आणि सुनेच्या कानात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माणूस गरीब दिसतोय गं. लाजतोय बिचारा. तूच बोल काहीतरी त्याच्याशी."